खाडीची वही आणि तिचा सावत्र भाऊ

मी वही बोलतेय. दोनशे पानी, लांब, जाड पुठ्ठ्याची. पुठ्ठ्याचा मूळ रंग निळा होता, आता तो नेमका कुठला म्हणावा हे मलाही सांगता यायचं नाही. माझ्या अंगाला वास येतो. खाडीच्या चिखलाचा, थोडा तिसऱ्यांचा आणि एका पानाला तुपाचा. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण पुढे मी स्वतःच भरपूर नाकं मुरडणार आहे.

माझा स्वभाव चांगला नाही. मी मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी मला मायाळू, सोशिक वगैरे समजायला नको. वह्यांची आत्मवृत्तं मुलं शाळेत लिहितात, त्यात वही नेहमी सोशिक असते. मला ते कधी जमलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. आठवण सुरू होते ती रत्नागिरीत, राम आळीतल्या एका दुकानाच्या फळीवर. माझ्याबरोबरच्या वह्या जूनमध्ये शाळकरी मुलांनी नेल्या. मी उरले. मग एक दिवस ऋजुता आली. सडपातळ बांधा, पाठीला सॅक, पायात प्लॅस्टिकचे बूट. तिने मला उचललं, पान अंगठ्याने चोळून बघितलं आणि दुकानदाराला विचारलं, "ओलं झालं तर टिकेल ना?"

दुकानदार म्हणाला, "टिकवलंत तर टिकेल."

ऋजुता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात संशोधन करायची. विषय होता खाडीतल्या तिसऱ्या. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातलं ते लहान मऊ मांस, ज्याचं सुकं करून तुम्ही भाकरीबरोबर खाता आणि ज्याच्या संसाराचा कधी विचार करत नाही. तिसऱ्या अंडी कधी सोडतात, एवढा एकच प्रश्न तिला पडला होता. तो कळला तर तेवढा महिना खाडीत कुणी हात घालायचा नाही असं ठरवता आलं असतं, कारण पूर्णगडच्या खाडीत तिसऱ्या दर वर्षी कमी होत होत्या.

आणि पूर्णगडला सगुणामावशी होती. साठीच्या आसपासची, काटक, हाताला कोयत्यासारखी बोटं. चाळीस वर्षं ती त्या खाडीत ओहोटीला उतरून तिसऱ्या काढत आली होती. शिंपला न उघडता, नुसता तळहातावर तोलून ती सांगायची, ही भरलेली, ही पोकळ. ऋजुता घरी नेऊन उघडायची, तेव्हा मावशीचं खरं निघायचं. मुंबईत नोकरी करणारा एक मुलगा सोडला तर मावशीला कुणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी मावशीने अट घातली. चिखलात उभी राहून, पदर खोचून.

"माजा नाव घालनार हायस ना त्यात?"

"हो मावशी. आभार मानणार तुमचे. नावासकट."

"आबार नको मला. छापायच्या आदी वाचून दाकव. माज्या नावावर कायतरी उलटा छापलास तर गावात तोंड दाकवता यायचा नाय. चाळीस वर्सा खाडीत काडलीव मी."

ऋजुताने शब्द दिला. पहिल्या पानावर, पेन्सिलीने, तिने तो लिहूनही ठेवला: 'छापण्याआधी मावशींना वाचून दाखवणे.' माझ्या अंगावरचं ते पहिलं वाक्य.

ते दिवस माझे होते. मी तिच्या छातीशी असायचे. भर पावसात तिने स्वतःची छत्री कितीदा माझ्यावर धरली आणि आपण भिजली, हे मी अजून मोजून सांगू शकते. निघण्याआधी घरी ती माझ्या पानाच्या कोपऱ्यात निळ्या जेल पेनने तारीख घालायची. खाडीत मात्र पेन्सिल. ओल्या कागदावर पेन चालत नाही. मावशीला तारखा कळत नसत, ती तिथीने चालायची. अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांब हटतं आणि चिखल उघडा पडतो, तेच तिसऱ्या काढायचे दिवस. म्हणून मावशी सांगायची तसं ऋजुता पेन्सिलीने लिहायची: 'आषाढ अमावास्या, निम्म्या भरलेल्या.' 'श्रावण पौर्णिमा, सगळ्या गच्च भरलेल्या.' 'श्रावण अमावास्या, पोकळ. अंडी सोडली.'

त्यातल्या त्या श्रावण पौर्णिमेचं तेवढं सांगते, कारण माझी सगळी लाज त्या पानावर आहे.

ऋजुताचं नुकतंच लग्न झालं होतं. त्या दिवशी मावशी खाडीवर पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात अनारसे. "तेतीस हायत," ती म्हणाली, "जावयाला दे. मला लेक नाय. मग मी वान कुनाला देऊ?" ऋजुताचे डोळे भरून आले, पण हात चिखलाने भरलेले. मग मावशीने एक अनारसा काढून तिला भरवायचा म्हणून हातात घेतला, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि मावशीने तो ठेवायला जागा शोधली. जागा म्हणजे मी. उघडी पडले होते ना. तुपात तळलेला, खसखशीने मढलेला तो अनारसा माझ्या ताज्या पानावर बसला. त्याने गोल, पिवळा डाग पाडला. खसखशीचे दाणे घरंगळून माझ्या शिवणीत शिरले ते शिरलेच.

मला इतका राग आला! नवी वही आणि हा असला तेलकट शिक्का. पण ऋजुता हसत होती आणि मावशीही, म्हणून मी गप्प बसले.

पुढे आश्विनात, शेवटच्या फेरीला, होडीतून उतरताना ऋजुताचा पाय घसरला. ती, तिचा मोबाइल आणि मी, तिघंही खाडीत. मोबाइल गेला, त्यातले फोटो गेले. मला तिने वाचवलं. घरी नेऊन गच्चीवर नाही, चुलीशेजारी नाही, तर पंख्याखाली एकेक पान सुटं धरून वाळवलं. जेल पेनच्या तारखा मात्र धुऊन निघाल्या, कोपऱ्यात नुसते निळे ढग उरले. पेन्सिल टिकली. पेन्सिलीचं मी नेहमीच कौतुक करते.

मग काही महिने मी कपाटात. नंतरचं वर्षही तिथेच. आणि मग तो आला.

तो म्हणजे शोधनिबंध. ऋजुताच्या लॅपटॉपमध्ये जन्मला. एका संशोधन नियतकालिकाकडे पाठवायचा म्हणून. मला वाटलं, आपलंच भावंड आहे, आपल्या पोटातलंच घेऊन वाढणार, थोडा तरी आपल्यासारखा असेल. कसलं काय. पहिल्या दिवसापासून त्याचे लाड बघून माझा जळफळाट सुरू झाला.

त्याला म्हणे चारी बाजूंनी एक इंच समास लागतो. माझ्या समासात मावशीच्या मुलाचा फोन नंबर आहे. त्याला दोन ओळींमध्ये दुप्पट मोकळी जागा हवी, श्वास घ्यायला. माझ्यावर तिने उभ्या ओळी, आडव्या ओळी, वर बाण आणि खाली माशी मेलेली, असं लिहिलंय. तिसऱ्यांचं लॅटिन नाव आलं की त्याची अक्षरं तिरपी करायची, आणि नंतरच्या कंसात ज्याने नाव ठेवलं त्याचं नाव, ते मात्र सरळ. सारांश अडीचशे शब्दांच्या वर गेला की ती एकेक शब्द उपटायची आणि हळहळायची. आलेख तीनशे डीपीआयचे हवेत म्हणून एक आख्खा रविवार गेला. संदर्भसूचीत वर्ष आधी की नाव आधी, स्वल्पविराम की पूर्णविराम, यावरून नवराबायकोचं भांडण झालं. माझ्यातल्या एकाही स्वल्पविरामासाठी कधी कुणी भांडलं नाही.

आणि कहर म्हणजे नियतकालिकाच्या त्या चाळीस पानी नियमावलीत त्याला म्हणतात काय? हस्तलिखित! ज्याला हात लागला नाही, तो हस्तलिखित. आणि मी? मला ती शार्दूलला सांगताना म्हणाली, "ती कच्ची वही दे रे जरा."

कच्ची. मी.

शार्दूल तिचा नवरा. बँकेत नोकरीला, नीटनेटका, प्रत्येक कामाची यादी करणारा. बायकोच्या संशोधनात आपला हातभार लागावा अशी त्याला फार हौस. नियमावलीत लिहिलं होतं, नोंदींच्या तारखा दिवस-महिना-वर्ष अशा द्याव्यात. माझ्याकडे तारखांचे ढग आणि खाली तिथ्या. तेव्हा शार्दूल म्हणाला, "अगं, आईने जुनी कॅलेंडरं ठेवलीयत की. तिथ्यांवरून तारखा लावतो मी. तू संदर्भ बघ."

जुनं कॅलेंडर जमिनीवर पसरून तो बसला. मला शेजारी उघडी ठेवली. आषाढ झाला. मग माझं ते पान आलं: श्रावण पौर्णिमा.

"श्रावण पौर्णिमा म्हणजे नारळी पौर्णिमा," तो पुटपुटला. कोकणात कोण दुसरं म्हणेल? त्याने सरळ पानं उलटली, लाल अक्षरातली नारळी पौर्णिमा शोधली आणि लिहिलं: तीस ऑगस्ट. पुढची अमावास्या मग आपोआप सप्टेंबरच्या मध्यावर गेली.

चुकलं होतं. मला त्याच क्षणी कळलं.

त्या वर्षी श्रावण दोन होते. आधी अधिक, मग निज. नारळी पौर्णिमा निज श्रावणातली. माझ्या पानावरची पौर्णिमा आधीच्या, अधिक श्रावणातली, एक ऑगस्टची. नाहीतर मावशीने वाण कसलं आणलं असतं? जावयाला तेहतीस अनारसे अधिक महिन्यातच देतात. मावशीला 'अधिक' म्हणायची गरजही वाटली नाही, श्रावण म्हणाली, ऋजुताने श्रावण लिहिलं. आणि कॅलेंडरावर 'अधिक श्रावण' असं चांगलं ठसठशीत छापलेलं होतं, पण ते पान शार्दूलने बघितलंच नाही. थेट नारळीवर उडी मारली.

"ऋजुता, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत नोंदच नाही गं तुझी."

"प्रवेश चालू असतील कॉलेजात," आतून ती म्हणाली. दोन वर्षांनी कुणाला काय आठवतं!

त्या वेळी माझ्या शिवणीतून खसखशीचा एक दाणा घरंगळत कॅलेंडरवर पडला. मी सोडला नाही, तो आपणच पडला. शार्दूलने फुंकर मारून उडवला.

आता खरं ते सांगते. मला तोंड नाही, ही झाली सबब. पण तोंड असतं तरी मी बोलले असते का? मला आनंद झाला होता. समास एक इंच, अक्षरं बारा पॉइंट, आणि पोटात एक महिन्याची चूक. मिरव म्हटलं लेका. उरलेली खसखस मी शिवणीत घट्ट धरून ठेवली.

निबंध गेला. पहिल्याच आठवड्यात परत आला. परीक्षकांनी नव्हे, त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. ओळींना क्रमांक घातले नाहीत म्हणून कार्यालयानेच परत पाठवला. मी कपाटात इतकी हसले की पुठ्ठा हलला असेल. ऋजुताने क्रमांक घातले. आता त्याच्या प्रत्येक ओळीला नंबर होता. मी दोनशे पानांची, माझ्या पानांनाही नाहीत.

पुन्हा गेला. परीक्षकांनी वाचला. एकाने विचारलं, सप्टेंबरच्या मध्याला अंडी सोडली म्हणता आणि महिन्याच्या अखेरीला बारीक तिसऱ्या दिसल्या म्हणता, इतक्या लवकर कशा वाढल्या? किती योग्य प्रश्न! त्या अनोळखी माणसाला मी मनातून नमस्कार केला. पण ऋजुता आणि शार्दूलने रात्रंदिवस खपून उत्तर दिलं, उबदार पाण्यात वाढ लवकर होते, आणि त्याखाली दोन संदर्भ जोडले. स्वल्पविरामांसकट अचूक. परीक्षकाचं समाधान झालं. निबंध स्वीकारला गेला.

घरात पेढे आले. ऋजुताच्या कॉलेजात मार्चमध्ये कायम जागेची मुलाखत होती, आणि तोवर नावावर छापलेला निबंध असला तर तिचं पारडं जड होणार होतं. आठ वर्षं ती तासावर शिकवत होती. मी तिचा चेहरा बघितला आणि पहिल्यांदा मला बरं वाटेना. निबंधाच्या शेवटी तिने शिफारस केली होती: खाडी सप्टेंबर महिनाभर बंद ठेवावी. त्याखाली आभार. श्रीमती सगुणा, पूर्णगड, यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवावर हा अभ्यास उभा आहे.

पण तरीही, काय लपवू, मत्सर काही गेला नाही. तो तसाच राहिला आणि शेजारी भीती येऊन बसली.

शेवटची प्रूफं आली. अठ्ठेचाळीस तासांत तपासून परत करायची. फक्त टंकदोष सुधारायचे, मजकुराला हात लावायचा नाही, असं ठळक लिहिलेलं. ऋजुता प्रूफांची छापील प्रत घेऊन बसली, आणि एकदम उठली.

"शार्दूल, मावशींना वाचून दाखवायचं राहिलं."

"अगं, छापून आल्यावर दाखवू. फ्रेम करून देऊ."

"छापण्याआधी म्हटलंय." तिने कपाटातून मला काढलं, पहिलं पान उघडलं, ती पेन्सिलीची ओळ त्याला दाखवली. कितीतरी दिवसांनी तिचा हात लागला मला. तिने मला सॅकमध्ये टाकलं. टाकलं ते नेमकं त्याच्या शेजारी. प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये तो, पांढराशुभ्र, आणि उघडी मी. वाटेतलं पावस गाव येईपर्यंत मी तिकडे पाठ करून बसले.

मावशी अंगणात जाळं नीट करत होती. शार्दूलला बघून तिने पदर सावरला, "जावई आलं गो," म्हणाली आणि चहा ठेवला. ऋजुता पायरीवर बसून वाचू लागली. इंग्रजीतून मराठी करत, हळूहळू, एकेक वाक्य. मावशी डोळे मिटून ऐकत होती. चिखलाचं वर्णन आलं, तिने मान हलवली. शिंपले तोलण्याचं आलं, ती हसली. मग ऋजुता म्हणाली, "नारळी पौर्णिमेला तिसऱ्या पूर्ण भरलेल्या होत्या. त्यानंतर पंधरा दिवसांत, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, त्यांनी अंडी सोडली."

मावशीने डोळे उघडले.

"कदी म्हनालीस?"

"नारळी पौर्णिमेला. तीस ऑगस्ट."

"नारळीला मी हितं नव्हतेच गो. मुंबयला व्हते लेकाकडे. त्याला डेंगू झाला व्हता. गनपतीच्या तोंडावर आले मी. मग नारळीला तुला तिसऱ्या कुनी तोलून दिलान?"

शार्दूल पुढे झाला. "मावशी, वहीत आहे तसं. श्रावण पौर्णिमा. मी स्वतः कॅलेंडर बघून तारीख लावली."

"माजी वही काड."

माझी वही, म्हणाली. मला तिने दोन्ही हातांत घेतलं. मावशीला वाचता येत नाही. तिने पानं उलटली नाहीत, नुसती अंगठ्याखालून सोडली. आणि मी उघडले. जिथे तुपाने पान ताठ झालंय आणि शिवणीत खसखस अडकलीय तिथेच मी नेहमी उघडते, पण त्या दिवशी मी मनापासून उघडले एवढं म्हणू द्या.

मावशीने डागावर बोट ठेवलं. "हा काय? जावयाचा वान. तेतीस अनारसं. वान काय नारळीला देतात? अदिक म्हयन्यात देतात. त्या वर्सी अदिक श्रावन नव्हता काय?"

शार्दूल खाली वाकून डाग बघत राहिला. मग नखाने त्याने शिवणीतून खसखशीचा दाणा उकरला, तळहातावर घेतला. "मीच खाल्ले होते," तो म्हणाला. "डबाच्या डबा. दोन दिवसांत." आणि त्याचा चेहरा पार उतरला. "ऋजुता, एक महिना चुकला. सगळ्या तक्त्यात. माझ्यामुळे."

चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.

मावशीने विचारलं, "मग खाडी कदी बंद कराय सांगितलीस?"

"सप्टेंबर," ऋजुता म्हणाली.

"म्हंजे श्रावनात पोटुश्या तिसऱ्या काडायच्या, आनि त्या मोकळ्या झाल्या की आमी बायांनी घरात बसायचा. आनि ह्या माज्या नावानं." मावशी रागावली नव्हती. तेच वाईट होतं. तिने मला मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

घरी आल्यावर शार्दूलने तीनदा नियमावली वाचली. मग बोलला, "मजकूर बदलायचा असेल तर संपादकांना कळवावं लागेल. पुन्हा परीक्षकांकडे जाईल. मार्च चुकेल." नियमावली मिटून म्हणाला, "तक्ता कुणी तपासणार नाही, ऋजुता. नंतर दुरुस्ती छापता येते."

"आणि तोवर?"

"तोवर मुलाखत होईल."

ऋजुता माझ्याकडे बघत बसली होती. मी तिच्या मनात काय चाललंय ते ओळखायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मीसुद्धा महिनोन् महिने हेच करत आले होते, माहीत असून गप्प. तेव्हा मला शार्दूलचा राग येईना. मग तिने मला जवळ ओढलं, पहिलं पान उघडून समोर उभं केलं आणि लॅपटॉपवर संपादकांना पत्र लिहायला घेतलं. चूक आमची आहे. श्रावण दोन असतात, हे परदेशातल्या संपादकाला समजावायला तिला अर्धं पान लागलं. त्यात अनारसाही आला. शार्दूलने शुद्धलेखन तपासलं.

पुढचे दोन आठवडे मी टेबलावर होते. कपाटात नाही, टेबलावर. प्रत्येक नोंद माझ्यातून पुन्हा घेतली गेली, आणि या वेळी शार्दूल कॅलेंडरचं प्रत्येक पान बोट ठेवून वाचत होता. आलेख नवे झाले. दोन संदर्भ गळाले. ते उबदार पाण्यातले. मी अर्थातच खूश होते. खरं सांगायचं तर सावत्र भावाला माझ्या पायाशी बसून अभ्यास करायला लागतोय, हे बघण्यातच अर्धी खुशी होती.

मार्चमध्ये मुलाखत झाली. निबंधाच्या रकान्यात ऋजुताला 'परीक्षणाखाली' असं लिहावं लागलं. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या संध्याकाळी ती आंब्याच्या पेट्या भरायला आईकडे निघून गेली. ती अजून तासावर शिकवते. मी हे गोड करून सांगणार नाही.

निबंध मे महिन्यात छापून आला. ऑगस्ट महिना खाडी बंद ठेवावी, असं त्यात आहे. सगुणामावशीचं नाव आहे. माझं नाही. 'क्षेत्रीय नोंदी' एवढंच. असो.

ऋजुताने छापील प्रत पूर्णगडला नेली आणि मला पण नेलं. मावशीने ती नीट ऐकली, ऑगस्टला मान डोलावली, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही हितं ऱ्हाऊ दे. तुज्याकडं कपाटात कुजंल. म्हयन्या-म्हयन्याला तू येशील तवा लिवत जा." ऋजुताने मला तिच्या हातात दिलं. माझी मागची चाळीस पानं अजून कोरी आहेत.

तेव्हापासून मी मावशीच्या पत्र्याच्या पेटीवर असते. तोही असतो, माझ्या शेजारी, पंधरा पानं, गुळगुळीत, कडक. आता मला त्याचं काही वाटायचं कारण नाही, असं मी रोज स्वतःला बजावत होते.

आणि गेल्या आठवड्यात पुन्हा अधिक महिना आला. या खेपेला अधिक ज्येष्ठ. मावशीने अनारसे तळले. ताटलीत तूप निथळायला काही नव्हतं. तिने इकडे-तिकडे पाहिलं. वाचता न येणाऱ्या माणसाला कागद म्हणजे कागद. तिने निबंध उघडला, नेमका तो तक्ता आहे ते पान वर केलं, आणि ते भरलं तशी पुढची पानं पसरत एकेक अनारसा मांडला. तेहतीस.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी खदाखदा हसेन. त्याचे ते समास, ती दुप्पट जागा, ते तीनशे डीपीआय, सगळ्यावर तुपाचे गोल गोल डाग. खसखस त्याच्या पानांत घरंगळत होती.

पण खरं सांगू? मला हसू आलं नाही. माझ्यावर एकच डाग आहे, तोही जुना, वास उडत चाललेला. त्याच्यावर तेहतीस, गरम, ताजे. मावशीने मायेने मांडलेले. मला इतका हेवा वाटला, इतका हेवा वाटला, की काय सांगू.

वाचकहो, तुम्ही शिकलेली माणसं. तुमचे निबंध छापा, ओळींना क्रमांक घाला, माझी काही तक्रार नाही. एवढंच करा. कपाटात एखादी वही पडली असेल तर तिचे डाग पुसू नका आणि तिला कच्ची म्हणू नका. आणि ऋजुता भेटली तर तिला सांगा, माझी चाळीस पानं कोरी आहेत. या महिन्याची पौर्णिमा जवळ आली. येताना पेन्सिल आण म्हणावं, आणि एक अनारसा माझ्यावरही ठेव.